‘चुकार शेळी’ची दुसरी आवृत्ती

मी, सटवाजी दगडोबा इंगोले, वय वर्षे एक्कावन्न, धंदा शाळामास्तरकी व लहान मुलांसाठी पुस्तके लिहिणे, राहणार मौजे कुरुंदा, तालुका वसमत, जिल्हा परभणी, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, पूर्ण शुद्धीवर, कोणाचा दाब किंवा भीड नसताना लिहून ठेवतो. माझ्या पोटात गाठ आहे. नांदेडच्या डॉक्टरांनी होळीपर्यंतची मुदत दिली आहे. डोके मात्र शाबूत आहे. ते शाबूत नसते तर बरे झाले असते, असे गेल्या श्रावणापासून मला रोज वाटते. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही, आणि याची दुसरी आवृत्ती निघणार नाही.

कलम १. कुरुंद्यातील राहते घर, त्यातील भांडीकुंडी, म्हैस आणि परसातली लिंबाची दोन झाडे माझी पत्नी पार्वतीबाई हिच्या मालकीची राहतील. आम्हांला लेकरू झाले नाही. मी पोरांच्या गोष्टी लिहितो ते त्या दुःखापायी, असे गावात काही शहाणे म्हणत. त्यांनी म्हणावे. प्रत्येक गोष्ट मी आधी पार्वतीबाईला वाचून दाखवली. ती ज्वारी निवडत बसायची. निवडता निवडता तिचा हात थांबला तर गोष्ट जमली असे मी समजायचो. “छान हाय की,” असे ती म्हणाली की मी कागद फाडायचो. माझ्या साहित्याची एवढीच परीक्षक होती. तिने ‘चुकार शेळी’ ऐकताना सूप खाली ठेवले होते.

कलम २. वडिलार्जित शेतातील माझा वाटा पुतण्या संतराम याला द्यावा. औंढ्याच्या जत्रेत ‘चुकार शेळी’च्या प्रती डोक्यावर घेऊन तो विकायला बसला होता. श्रावणापासून तो धड जेवत नाही. संतराम, तू पुस्तके विकलीस ती माझ्या सांगण्यावरून. शेत पीक आणि पोटभर जेव. हे कायदेशीर कलम आहे, ते पाळावे लागते.

कलम ३. माझे बोरू, टाक, लाल शाईच्या तीन बाटल्या आणि रूळ शाळेला द्यावेत. लाल शाई पाण्याने अर्धी केल्याशिवाय कोणी वापरू नये. मी तीस वर्षे ती घट्टच वापरली. मी चूक दिसली की गप्प न बसणारा माणूस आहे. बायकोच्या वाण्याच्या यादीतली वेलांटीसुद्धा मी सुधारलेली आहे. लोक याला गुण म्हणत आणि मीही तसेच समजत असे.

कलम ४. माझे दोन राग आहेत, ते कोणाच्या नावे करावेत हे कळत नाही, म्हणून नुसते नोंदवून ठेवतो. पहिला राग एका पुस्तकवाल्यावर. मी त्याला हस्तलिखित दाखवले तर तो म्हणाला, शेळी कोण घेतो, सिंह घाला. दुसरा राग शाळा तपासायला आलेल्या एका साहेबावर. त्याने चित्रे पाहून विचारले, ही भिंतीवरची रेघोटी पुस्तकात कोणी आणली? त्याच्या भीतीने मी पुढे जे केले ते कलम ५ मध्ये आहे. तेव्हा राग खरा म्हणजे माझ्यावरच पाहिजे, पण साहेबावरचाही राहू द्यावा.

कलम ५. आता ज्यासाठी हे मृत्युपत्र लिहायला बसलो ते.

मी शाळेत लागलो तेव्हा मुलांची पुस्तके लांबून यायची. त्यांत समुद्र, बोट आणि छत्री घेतलेली माणसे असत. आमची पोरे चित्राकडे पाहायची आणि मग माझ्याकडे पाहायची. त्यांनी ओळखावे असे त्यांत काही नव्हते. म्हणून मी ठरवले की ज्यात पोराला आपला बांध, आपला बैल, आपल्या गावाचे नाव सापडेल असे पुस्तक काढायचे. ‘एका गावात’ अशी सुरुवात करणाऱ्या गोष्टींचा मला संताप यायचा. कोणत्या गावात? त्या गावाला नाव नव्हते काय?

डोंगरकड्याच्या वाटेवर बारवेचा तांडा आहे. पूर्वी बैलांवर मीठ आणि धान्य वाहून नेणाऱ्या लोकांची ती वस्ती. आता बहुतेक शेती करतात. तिथल्या पोरांना शाळेत घालावे म्हणून मी १९३७ साली गेलो, तेव्हा एका घराच्या भिंतीवर पांढऱ्या मातीने काढलेली शेरडे, कुत्री आणि गोण्या लादलेले बैल पाहिले. आत एक पंचविशीची बाई होती. तिचे नाव जमनाबाई रूपसिंग राठोड.

“या शेळीचा एक कान दुमडलेला काहून?” मी मास्तरकीच्या आवाजात विचारले.

“तिचा हायच दुमडलेला,” ती म्हणाली. “ती बगा, तिथं बांधली.”

मी जाऊन पाहिले. कान दुमडलेला होता. त्या दिवसापासून माझ्या गोष्टींना चित्रकार मिळाला. तिची एकच अट असायची, न पाहिलेलं काढणार न्हाई. राजा काढ म्हटले तर तिने तांड्याचे नाईक नेमसिंग यांना पागोट्यासकट बाजेवर बसवले. पोरांनी तो राजा बिनतक्रार मान्य केला.

‘चुकार शेळी’ची गोष्ट साधी आहे. शेळी हरवते, तांडाभर शोधाशोध होते, शेवटी एका पोरीला ती सापडते. शेळी कुठे लपवावी हे मला सुचत नव्हते. जमनाबाईने बारव सुचवली. तांड्याजवळच्या त्या पायऱ्यांच्या विहिरीत उतरताना निम्म्यावर उजव्या हाताला देवाचा कोनाडा आहे. कोनाड्यामागचा धोंडा सरकवला की आत दहापंधरा माणसे बसतील अशी खोली आहे. पूर्वी लुटारू आले की तांड्याची बायकापोरे तिथे लपत. तांड्याबाहेर ही जागा कोणाला माहीत नव्हती. मला ती दाखवली, कारण मी मास्तर होतो.

नेमसिंग नाईक म्हणाले, “मास्तर, ती जागा पुस्तकात घालू नका. आमच्या आज्या-पणज्यानं लपवून ठेवली हाय.”

मी हसलो. “नाईक, लेकरांचं पुस्तक हाय. मोठी माणसं उघडून बी पाहत न्हाईत.”

नाईकही हसले आणि हो म्हणाले. त्यांच्या नातवाला मी अक्षरे शिकवली होती, म्हणून त्यांचा माझ्यावर भरवसा होता.

१९४३ साली नांदेडला चांदसाहेब यांच्या शिळाप्रेसवर पुस्तक छापायला घेतले. तिथे गुळगुळीत दगडावर तेलकट शाईने काढतात आणि त्याचा छाप कागदावर घेतात. एरवी आधी खास कागदावर काढून ते दगडावर उतरवतात, पण लढाईमुळे तो कागद मिळेना. म्हणून जमनाबाईने थेट दगडावर काढले. पाच वर्षांची तिची मुलगी मिरा बरोबर होती. शेळी शोधणारी पोर म्हणून तिलाच समोर उभी केली: डाव्या खांद्यावरून पुढे घेतलेली वेणी, आणि उजव्या हाताचे बोट कोनाड्याकडे. दगडावर सरळ काढले की कागदावर उलटे येते. हे चांदसाहेबांनी मला सांगितले होते आणि मी ते जमनाबाईला सांगायचे विसरलो. मी मजकुराच्या वेलांट्या तपासत होतो.

पुस्तक तांड्यावर नेले. पोरे पानावर तुटून पडली आणि मग खो खो हसायला लागली. मिरा ओरडली, “मास्तर, आमची बारव उलटी झाली! देव डाव्या हाताला गेला, अन् माझी वेणी उजव्या खांद्यावर!”

मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. जमनाबाई मात्र पोरांबरोबर हसत होती. “राहू द्या की मास्तर,” ती म्हणाली. “पुस्तकातली बारव उलटी असली तर कोणाचं काय बिघडून राहिलं?”

“चूक ती चूक,” मी म्हणालो.

तीन वर्षे ती चूक मला सलत होती. १९४६ साली कागद मिळायला लागला तसा मी दुसऱ्या आवृत्तीच्या मागे लागलो. चांदसाहेबांनी आधीचे दगड कधीच घासून दुसऱ्या कामाला लावले होते. म्हणजे सगळी चित्रे नव्याने काढायची. जमनाबाईच्या अंगात ताप होता, तरी मी तिला नेले. समोर आरसा ठेवून, कागदावर सरळ काढलेले चित्र आरशात उलटे बघून तिने दगडावर काढले. अकरावे पान, बारवेचे, मी चार वेळा पुसायला लावले. शेवटी ते बरोबर झाले. कोनाडा उजव्या हाताला, पायऱ्या मोजून तितक्याच, धोंड्यावरची भेगसुद्धा जिथल्या तिथे. पहिल्या ओळीत तांड्याचे नाव. मला वाटले, आयुष्यात एक काम निर्दोष झाले.

पुस्तकावर लेखक म्हणून माझे नाव मोठ्या अक्षरात घातले. खाली लिहिले, ‘चित्रे: एका ग्रामीण स्त्रीकडून’. चांदसाहेब म्हणाले, “हम कातिब का नाम बी आखिर में डालते, इस बाई का नाम कायकू नै?” कातिब म्हणजे छापण्यासाठी मजकूर सुंदर अक्षरात लिहून देणारा. तांड्यावरच्या बाईचे नाव पाहून तो तपासणीचा साहेब पुस्तक शाळांत लावणार नाही, अशी मला भीती होती. ते मी चांदसाहेबांना सांगितले नाही. मजकूर आधीच बसला आहे, असे खोटे सांगितले.

गेल्या श्रावणात, राज्य बदलण्याच्या महिनाभर आधी, हत्यारबंद टोळ्या गावोगाव फिरत होत्या हे वाचणाऱ्यास ठाऊक आहे. तांड्याचे पुरुष गुरे घेऊन लांब गेले होते. टोळी येते असे कळताच बायकापोरे बारवेत उतरली आणि आतून धोंडा लावून बसली. जमनाबाई तेव्हा पलीकडच्या ज्वारीत होती. तिला परतायला वेळ मिळाला नाही. तिने तिथून पाहिले. ती माणसे घरे धुंडाळत बसली नाहीत. सरळ बारवेकडे गेली. पुढच्याच्या हातात पिवळ्या पुठ्ठ्याचे पुस्तक होते. धोंडा आतून धरलेला होता, तो त्यांना सरकवता आला नाही, म्हणून त्यांनी कोनाड्याशी ओला कडबा रचून पेटवला आणि धूर आत जाईपर्यंत थांबले.

आत नऊ जण होते. नाईकांची बायको चंदाबाई होती, आणि मिरा होती, दहा वर्षांची.

मी दुसऱ्या दिवशी पोचलो. पायरीवर अकरावे पान फाटून पडले होते. ते पुस्तक त्यांना कोठून मिळाले हे मला माहीत नाही. जत्रेत विकले होते, शाळांत वाटले होते. ज्याच्या घरात लेकरू असेल त्याच्या घरात ते असू शकत होते, आणि त्या माणसांच्या घरातही लेकरे असतीलच.

तिसऱ्या दिवशी नेमसिंग नाईक मला म्हणाले, “मास्तर, तुमी म्हणला व्हता, मोठी माणसं उघडून बी पाहत न्हाईत.” त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मी उत्तर दिले असते.

पहिली आवृत्ती त्यांच्या हातात असती तर ती माणसे डाव्या हाताला गेली असती. तिथे नुसती भिंत आहे. लोक मला समजावतात की त्यांनी मग उजवीकडेही पाहिलेच असते, कदाचित. हे ‘कदाचित’ मी या मृत्युपत्रान्वये कोणाच्याही नावे करीत नाही. ते माझ्याबरोबर जाईल.

कलम ६. पुस्तकाची व्यवस्था. फौजा आल्यावर वाटा मोकळ्या झाल्या, तसा मी गावोगाव फिरलो आणि ‘चुकार शेळी’च्या मिळतील तेवढ्या प्रती परत आणल्या. पोरे देईनात. एकाला तर मी पाटी देऊन फसवले. सगळ्या प्रती अंगणात रचल्या आणि घासलेट आणायला आत गेलो. बाहेर येतो तो ढिगाशेजारी जमनाबाई बसलेली. ती तांड्यावरून चालत आली होती.

“काय करून राहिले, मास्तर?”

“जाळतो.”

“त्यात मिरी हाय,” ती म्हणाली.

मला आधी समजले नाही. मग समजले. मिराचा फोटो कोणी कधी काढला नव्हता. त्या पोरीचा चेहरा जगात एका ठिकाणी उरला होता, अकराव्या पानावर.

पार्वतीबाईने पाणी आणून ठेवले, ते तसेच राहिले. मग जमनाबाईने एक प्रत उघडली आणि चित्रावर हात ठेवला. बारवेवर नव्हे, पोरीच्या हातावर.

“मला ती पायजे. हे बोट नको,” ती म्हणाली. “तिला मीच उभं केलं व्हतं तसं. हात दुखून राहिला म्हणत व्हती. मी म्हणलं, वर धर. आणखी वर धर.”

मी म्हणालो, “बाई, चूक माझी हाय. मीच सरळ करायला लावलं.”

“तुमी लावलं. पर काढलं तर मी,” ती म्हणाली, आणि मग ती रडली. मीही रडलो. मृत्युपत्रात हे लिहिण्याची रीत नसेल, तरी लिहून ठेवतो.

त्या दिवसापासून तिने काही काढलेले नाही. घराची भिंत तिने शेणाने सारवून टाकली आहे. तेव्हा माझी आज्ञा अशी: जमवलेल्या प्रती माझ्या लोखंडी पेटीत आहेत. त्या कोणी जाळू नयेत, विकू नयेत, वाटू नयेत. पेटी पार्वतीबाईने सांभाळावी आणि जमनाबाई मागेल तेव्हा उघडावी. पुस्तकाचे हक्क पार्वतीबाईकडे राहतील, पण शब्द जमनाबाईचा चालेल. तिने पोरीचे चित्र नव्याने काढले तरच तिसरी आवृत्ती छापावी. तिने काढले नाही तर पुस्तक इथेच संपले. दुसऱ्या कोणत्याही चित्रकाराला, तो कितीही नावाजलेला असो, त्याला हात लावू देऊ नये.

छापलीच, तर पुस्तकावर आधी ‘चित्रे: जमनाबाई रूपसिंग राठोड’ असे घालावे, त्याखाली माझे नाव, लहान अक्षरात. तांड्याचे नाव काढावे. बारव काढावी, शेळी कुठेही सापडू द्यावी. पहिली ओळ ‘एका गावात’ अशी करावी. तसे लिहिणाऱ्यांवर मी आयुष्यभर संतापलो. त्यांची गावे अजून नांदत आहेत.

कलम ७. माझ्या मयतीला शाळेला सुट्टी देऊ नये. भाषण करू नये. मी मुलांवर प्रेम करीत होतो असे कोणी म्हणाले तर त्याला कलम ५ वाचायला द्यावे. प्रेम करीत होतो, हे खरेच आहे.

कलम ८. साक्षीदार. जमनाबाईला मी नवे घर बांधण्याएवढी जागा आणि परसातला एक लिंब देऊ केला होता. ती नको म्हणाली. मी पुन्हा पुन्हा म्हणालो, तेव्हा वसमतच्या वकिलांनी मला जे सांगितले होते ते मी तिला सांगून बसलो, की मृत्युपत्रात ज्याला काही मिळते त्याला साक्षीदार होता येत नाही. ती लगेच म्हणाली, “मग मला साक्षीदार करा.” म्हणून या मृत्युपत्रात तिच्या नावे काहीही ठेवलेले नाही. ती साक्षीदार आहे.

पुरवणी, सह्यांपूर्वी लिहिलेली. आज दुपारी नेमसिंग नाईक आणि जमनाबाई आले. मी सर्व मजकूर दोघांना मोठ्याने वाचून दाखवला. नाईक कलम ५ ला उठून दारात गेले आणि परत येऊन बसले. वाचून झाल्यावर जमनाबाईने टाक मागितला. तिला सही येते, मीच शिकवली आहे. सही कुठे करायची ते मी दाखवले. तिने कागद स्वतःकडे फिरवला आणि समासात काढायला लागली.

तिला पुष्कळ वेळ लागला. नाईक, पार्वतीबाई आणि मी जागचे हललो नाही.

मिरा आहे. दोन्ही हात खाली आहेत, बोटे मिटलेली. ती समोर पाहते आहे. मागे पायऱ्या नाहीत, कोनाडा नाही. मी विचारले, “शेळी?”

“शेळी न्हाई,” जमनाबाई म्हणाली. “ती आता काही हुडकून राहिली न्हाई.”

चित्रातली वेणी उजव्या खांद्यावर आहे, पहिल्या आवृत्तीत होती तशी. मिराची वेणी डाव्या खांद्यावर असायची. मला ते दिसले. मी काही बोललो नाही.

सबब जाहीर करतो की या दस्तऐवजात कुठेही खाडाखोड नाही. शेवटच्या पानाच्या समासात जे आहे ते चित्र असून या मृत्युपत्राचाच भाग आहे. त्यात कोणीही, कोणत्याही कारणाने, काहीही दुरुस्त करू नये.

सटवाजी दगडोबा इंगोले
(सही, स्वतःच्या हाताची)

आमच्या समक्ष सही केली, आणि आम्ही त्यांच्या समक्ष:
१. नेमसिंग नाईक, बारवेचा तांडा (सही)
२. जमनाबाई रूपसिंग राठोड, चित्रकार, बारवेचा तांडा (सही)

मुक्काम कुरुंदा, रविवार, मार्गशीर्ष, शके १८७०
तारीख १९ डिसेंबर १९४८